पाठचा भाऊ

घरात एखादं मूल जेवेनासं झालं, की सगळं घर त्याच्या ताटाकडे बघायला लागतं. आई, आजी, वडील, अगदी शेजारच्या काकूसुद्धा! किती घास खाल्ले, किती टाकले, पाणी तरी प्यायलं का, दिवसभर हाच हिशेब. आणि त्याच पंगतीत, त्याच्याच शेजारी बसून, दुसरं एक मूल गुपचूप जेवून उठतं. आपलं ताट आपण उचलून मोरीत नेऊन ठेवतं. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. ते शहाणं आहे ना!

मैत्रिणींनो, आज ही गोष्ट त्या शहाण्या मुलाची आहे. ती सांगण्यासाठी आपल्याला पार चारशे वर्षं मागे जायचंय. पण लांब नाही जायचं. पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे, इंद्रायणीकाठी, देहूला. तुकोबारायांच्या घरी.

तुकोबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. पालखी, बीज, गाथा, विमान... लहानपणापासून ऐकत आलो. पण तुकोबांना एक पाठचा भाऊ होता, कान्होबा त्यांचं नाव, हे किती जणींना आठवतं? तुकोबांचं चरित्र या धाकट्या भावाच्या जागी बसून बघितलं, तर ते फार वेगळं दिसतं. जरा अंगावरच येतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तुकोबांचं उपाशी राहणं ही साधना होती. तिला आजच्या डॉक्टरी भाषेतलं एखादं नाव चिकटवणं हा शुद्ध पोरकटपणा होईल, आणि तो मला करायचा नाही. पण घरात वाट बघत बसलेल्या माणसाला ही साधना आहे की आणखी काही, हे कुठून कळणार? त्याला एवढंच दिसतं, की आपला भाऊ जेवत नाहीये, घरी येत नाहीये, आणि आपण काही करू शकत नाही.

तर देहूचे हे मोरे. घर खातंपितं. विठ्ठलाचं देऊळ घराण्यातलंच, वारी पिढ्यान्‌पिढ्यांची. शेती होती, दुकान होतं, सावकारी होती, गावची महाजनकी होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा आणि धाकटे कान्होबा, असे तिघे भाऊ. तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ चा मानतात. कान्होबा केव्हा जन्मले, त्याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. धाकट्यांचं हे असंच असतं बघा. थोरल्याची पत्रिका पेटीत जपून ठेवलेली असते, आणि धाकट्याचं पावसाळ्यात की दिवाळीच्या आसपास, यावरच वाद!

सावजींचं मन संसारात रमत नव्हतं. त्यामुळे दुकानाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. तेरा-चौदाचं वय. त्यांनी तो आनंदानं उचलला आणि चांगला सांभाळला. लग्न झालं. पत्नी रखमाईंना दम्याचा विकार होता, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई, हिच्याशी दुसरं लग्न लावून दिलं. घरात माणसं होती, धान्य होतं, सुना होत्या. कान्होबांसाठी हे सगळं भरलेलं घर म्हणजेच जग होतं. डोक्यावर दोन मोठे भाऊ, मग काळजी कसली?

आणि मग एकेक माणूस कमी होत गेलं.

तुकोबा सतरा वर्षांचे असतील-नसतील, आईवडील गेले. पुढच्या वर्षी सावजींची बायको गेली. सावजींना घरात ठेवणारा तो एकच धागा होता. तो तुटला आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. ते परत आलेच नाहीत. म्हणजे वर्ष-दीड वर्षात कान्होबांचे आईवडील गेले, वहिनी गेली आणि थोरला भाऊ जिवंतपणी गेला. आता उरले तुकोबा. तेच भाऊ, तेच बाप.

त्यानंतर १६३० चा दुष्काळ आला. पाऊस दख्खनवर आणि गुजरातवर रुसला. या दुष्काळाची भीषण वर्णनं तेव्हा इकडे आलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनीही करून ठेवली आहेत. माणसं गावं सोडून चालली, गुरं मेली, धान्य सोन्याच्या मोलाचं झालं. तुकोबांचा व्यापार बसला, दिवाळं निघालं. ज्या घरातून दुसऱ्यांना धान्य उसनं जायचं, त्या घरातल्या रखमाई अन्न अन्न करत गेल्या. त्यांचा लहानगा संतोबाही गेला.

इथे क्षणभर थांबा. आपण हा प्रसंग नेहमी तुकोबांच्या बाजूनं वाचतो, आणि ते योग्यच आहे. बायको गेली, पोर गेलं, लोकांत मानहानी झाली, त्या माणसाच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पण त्याच घरात कान्होबाही होते. त्यांचीही वहिनी गेली होती. ज्याला खांद्यावर घेऊन फिरवलं असेल, तो पुतण्या गेला होता. तुकोबांचं दुःख एवढं मोठं होतं, की त्याच्यापुढे धाकट्याला आपलं दुःख काढायला जागाच नव्हती. शिवाय समोरच दिसत होतं, की उरलेला हा एक भाऊही हातातून सुटत चाललाय. दुकानात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही, जेवणात लक्ष नाही.

आणि एक दिवस तुकोबा घरातून निघून गेले.

ते गेले भामनाथाच्या डोंगरावर. आज आपण त्याला भामचंद्र म्हणतो. इंद्रायणी ओलांडून, देहूच्या उत्तरेला, चाकणच्या अंगाला, शिंदे-वासुलीजवळ हा डोंगर आहे. चाकण एमआयडीसीत ज्यांचे नवरे, मुलं कामाला आहेत, त्यांना तो रोज कंपनीच्या बसमधून दिसत असेल. पायथ्याला आता कारखाने, कंटेनर, गोदामं. (२००८ मध्ये या भागात येऊ घातलेल्या एका परदेशी केमिकल कंपनीच्या प्रकल्पाविरुद्ध वारकरी रस्त्यावर उतरले, आणि तो प्रकल्प शेवटी गेला.) तेव्हा मात्र तिथे नुसतं रान होतं. डोंगरात जुनी लेणी आहेत. त्या एकांतात तुकोबा बसले. अन्न नाही, पाणी नाही. पंधरा दिवस! मुंग्या, विंचू, साप अंगाला झोंबले, वाघानं पीडा दिली, असं वर्णन आहे. पंधराव्या दिवशी विठ्ठलाचा साक्षात्कार झाला, असं परंपरा सांगते.

हे वर होत होतं. आणि खाली?

खाली कान्होबा शोधत होते. महिपतीबुवांनी अठराव्या शतकात संतचरित्रं लिहिली, त्यांनी आणि पुढच्या चरित्रकारांनीही हे सांगितलंय, की तुकोबांना शोधून काढलं ते या धाकट्या भावानं. डोंगर, रानं, ओढे तुडवत तो हिंडला. घरात जिजाई जिवाच्या आकांतानं वाट बघतायत. गावात लोक नाही नाही ते बोलतायत. एक भाऊ असाच गेला तो आलाच नाही. आता हा दुसरा. विशीच्या आसपासचं पोर ते, त्यानं एकट्यानं डोंगर चढताना मनाशी काय काय धरलं असेल? भाऊ भेटेल, की भावाचं प्रेत भेटेल?

भाऊ भेटला. जिवंत होता. दोघांची मिठी पडली.

मैत्रिणींनो, या प्रसंगाशी मी बराच वेळ घुटमळतेय, कारण आजही आपल्या घराघरांत कुणीतरी असा डोंगर चढत असतं. खाण्याशी वैर धरणारे आजार आता आपल्याकडेही कळू लागलेत. ॲनोरेक्सिया म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणंच तोडत जाणं. बुलिमिया म्हणजे भरभरून खाऊन मग उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं. हे फक्त श्रीमंतांच्या, मुंबईच्या मॉडेल मुलींचं दुखणं आहे, असा आपला समज. तसं नाही. तो सुरू होतो बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात. मुलींत जास्त, पण मुलांतही. पाळी बंद होते, केस गळतात, हातपाय गार पडतात, आणि मूल म्हणतं मला काहीच झालेलं नाही. मानसिक आजारांत सगळ्यांत जीवघेण्या आजारांमध्ये याची गणना होते. हे नखरे नव्हेत. एके काळी याचा सगळा दोष आईवर ढकलून मोकळे व्हायचे. आता तज्ज्ञ तसं मानत नाहीत, हेही आयांनी ऐकून ठेवावं.

पण आजाऱ्याबद्दल कुणीतरी बोलतं तरी. त्याच्या भावंडाबद्दल कोण बोलतं?

आपल्या पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकणकडचंच घर घ्या. वडील कंपनीत, कधी फर्स्ट शिफ्ट, कधी थर्ड. आईचीही नोकरी किंवा घरचा उद्योग. फ्लॅट दोन खोल्यांचा. ताई जेवत नाही, तर दुपारभर तिच्यासोबत घरात कोण असतं? धाकटा भाऊ, नाहीतर धाकटी बहीण. आई जाताना त्याच्या कानात सांगून जाते, ताईकडे लक्ष ठेव, डबा खाल्ला का बघ, बाथरूममध्ये जास्त वेळ गेली तर मला फोन कर. झालं! सातवीतलं पोर त्या दिवसापासून बहिणीचा भाऊ राहत नाही, पहारेकरी होतं. ताईशी इमान राखावं तर आईशी खोटं बोलावं लागतं, आणि आईला सांगावं तर ताई महिनाभर बोलत नाही. रात्री भिंतीपलीकडून रडण्याचे, भांडणाचे आवाज येतात. ते उशी कानावर घेऊन झोपतं. मित्रांना घरी आणणं बंद करतं. गणितात कमी मार्क पडले तर पेपर दप्तरातच ठेवतं, आईला आधीच टेन्शन कमी आहे का!

आणि मनात काय काय चालतं! मी तिला एकदा जाडी म्हटलं होतं, म्हणून तर नसेल? मग लगेच राग, हिच्यामुळे आमची सहल रद्द झाली. रागापाठोपाठ लाज, ती आजारी आहे आणि मी असा विचार करतो. काही वेळा धाकटी मुलगीसुद्धा आरशात वळून वळून बघायला लागते, भात टाळायला लागते, आणि हे घरात सगळ्यांत शेवटी लक्षात येतं. भावंडांमध्ये अपराधीपणा, चीड, भीती आणि आपण कुणाला दिसतच नाही ही भावना सापडते, हे यावर काम करणारे डॉक्टर सांगत आलेत.

कान्होबांकडे परत येऊ. कारण भाऊ सापडला, घरी आला, आणि सगळं गोड झालं, अशी ही गोष्ट नाही. तिचा खरा कस पुढेच आहे.

डोंगर उतरून दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. पंधरा दिवसांचा उपास तिथे सुटला. मग तुकोबांनी कान्होबांना घरून कर्जाची खतं आणायला सांगितलं. वडिलांच्या सावकारीतले हे रोखे. गावोगावच्या लोकांकडून येणं असलेला पैसा. दुष्काळानं कंबर मोडलेली ती कुळं. तुकोबांच्या मनात ते सगळेच कागद नदीत सोडून द्यायचे होते. केवढं मोठं मन! शंभर सावकारांत एक असा निघणार नाही.

पण कान्होबा बोलले. तुकोबांच्या चरित्रात या धाकट्या भावाचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तो इथे. तुम्ही साधू झालात, तुम्हाला काही नको, पण मला माझा संसार चालवायचाय, माझ्या पोराबाळांच्या तोंडात काय घालू, अशा अर्थाचं ते बोलले. आणि आपला अर्धा वाटा मागितला.

कीर्तनात हा प्रसंग आला, की ऐकणारा मनातल्या मनात कान्होबांना थोडा कमी लेखतो. एवढ्या विरक्त पुरुषाचा भाऊ, आणि लक्ष कागदांवर! मला तरी हे अजिबात पटत नाही. मला वाटतं, अख्ख्या चरित्रात कान्होबांनी केलेल्या कामांपैकी हे फार धाडसाचं होतं. भावासाठी डोंगर तुडवला तो त्यांनीच. आता भाऊ समोर आहे, हाडं निघालेला, डोळ्यांत वेगळंच तेज असलेला. अशा वेळी आपल्यासाठी काही मागायचं म्हणजे जिभेवर केवढा दगड ठेवल्यासारखं होतं! आजाऱ्याच्या घरातल्या भावंडाला विचारा. नवे बूट फाटले हे सांगायलाही त्याला अपराधी वाटतं.

आणि तुकोबांनी काय केलं? रागावले नाहीत. वैराग्याचा उपदेश केला नाही. तुझं तुला, माझं मला, म्हणून खतांचे सरळ दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हातात दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. आपलं व्रत त्यांनी भावावर लादलं नाही. दोघंही मोठे. पुढे कान्होबांनी आपला संसार वेगळा मांडला, असं चरित्रं सांगतात.

वेगळा निघाला, हे आपल्या गावाकडे टोमण्यासारखं म्हणतात. पण वेगळे झालेले कान्होबा तुटले नाहीत. तुकोबांच्या कीर्तनात मागे टाळ धरून उभे राहणारे जे चौदा टाळकरी परंपरेनं सांगितलेत, त्यांत कान्होबांचं नाव येतं. त्यांच्यासोबत चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगाजी मवाळ अशी मंडळी. म्हणजे दिवसा आपलं दुकान, आपली शेती, आपली पोरं, आणि रात्री भावाच्या मागे टाळ. मला हे चित्र फार आवडतं. ना भावासाठी स्वतःला जाळून घेतलं, ना पाठ फिरवली.

दरम्यान तुकोबांच्या जेवणाची काळजी जिजाईंनी घेतली, हे आपल्याला माहीतच आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हाची भाकरी घेऊन जाणारी, वाटेत विठ्ठलाला शिव्या घालणारी आवली! तिला कजाग म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा भर दुपारी डोक्यावर पाटी घेऊन तो डोंगर चढून बघावा. असो. तिच्यावर एक स्वतंत्र लेखच लिहायला हवा.

मग तो दुसरा प्रसंग आला. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांच्या कवित्वावर आक्षेप घेतला. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर बसले. पुन्हा अन्न नाही, पाणी नाही. या वेळी तेरा दिवस. देहूला जाणाऱ्या प्रत्येकीनं ती शिळा पाहिली असेल. जून २०२२ मध्ये तिथे नवं शिळा मंदिरही झालं. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या तोंडी होते, संताजींसारख्यांनी ते जपले, असंही सांगितलं जातं. रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले.

आपण या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून बघतो. पण कान्होबांसाठी हे दुसऱ्यांदा होतं, हे लक्षात घ्या. एकदा ज्यानं घरातलं माणूस मरणाच्या दारात पाहिलंय, त्याला दुसऱ्या वेळी सवय झालेली नसते. उलट पहिल्या वेळची सगळी भीती व्याजासकट परत येते. खाण्याच्या आजारातून बरी झालेली मुलगी पुन्हा ताट सारू लागली, की तिच्या भावंडाचं नेमकं हेच होतं. आईवडील निदान डॉक्टरांकडे धावतात, एकमेकांशी बोलतात. भावंड मात्र खोलीच्या दारात नुसतं उभं असतं. आजार किती दिवसांचा, ताई मरणार का, मलाही होईल का, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लहान आहे, त्याला कशाला सांगायचं, असं आपण म्हणतो. न सांगितलेलं ते स्वतःच्या मनानं भरून काढतं, आणि मनानं भरलेलं खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात या आजारावर कुटुंबासह उपचार करायची एक पद्धत तयार झाली. आज ती जगभर वापरतात. त्यात मुलाला खाऊ घालायची जबाबदारी सुरुवातीला आईवडिलांवर टाकतात, आणि भावंडांनाही बैठकीत बोलावतात. पण त्यांना पहारा देऊ देत नाहीत. ताट मोजायचं काम आईवडिलांचं. भावानं ताईसोबत कॅरम खेळावा, गाणी ऐकावीत, ती रडली तर शेजारी बसावं. त्यानं भाऊच राहायचं. किती साधी गोष्ट, पण आपण नेमकी उलटी करतो!

घरात असं काही चालू असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आजारी मुलासाठी तर फोन कराच. पण त्याच्या पाठच्यासाठीही करता येतो, हे सुचत नाही कुणाला. आणि आठवड्यातून अर्धा तास तरी असा काढा, की ज्यात आजारी मुलाचं नावच निघणार नाही. नुसतं त्या दुसऱ्याला घेऊन बाजारात जा, भाजी निवडा, त्याच्या सरांच्या नकला ऐका. तो एकदम काही बोलणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलेल. आणि बोलला तर कदाचित रागानंच बोलेल. बहिणीबद्दल वाईटसाईट बोलेल. तेव्हा चटकन तोंड दाबू नका त्याचं, आजारी माणसाबद्दल असं बोलतात का, म्हणून.

राग कसा धरावा आणि कसा काढावा, हेही कान्होबांकडेच बघण्यासारखं आहे.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया. म्हणजे इसवी सन १६५०. तुकोबा गेले. वारकऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे सदेह वैकुंठाला गेले. जिजाई तेव्हा गरोदर होत्या, नारायणबाबा नंतर जन्मले. साऱ्या देहूसाठी तो अलौकिक दिवस होता. संतच वैकुंठाला गेलेला, म्हटल्यावर घरच्यांनी रडायचं तरी कसं? लोक पाया पडायला येणार, धन्य धन्य म्हणणार.

कान्होबा रडले. नुसते रडले नाहीत, त्यांनी अभंग रचले. त्यांतला शोक वाचवत नाही, इतका उघडा आहे. छाती दुभंगल्याचं सांगतात. आणि मग देवावर उलटतात. ज्या विठ्ठलाची पिढ्यान्‌पिढ्या घरात पूजा झाली, त्यालाच जाब विचारतात, माझा भाऊ मला परत दे म्हणून हटून बसतात, नाही दिलास तर तुझे धिंडवडे काढीन असा सरळ दम भरतात. सगळे जयजयकार करत असताना एका माणसानं उभं राहून सांगितलं, की तुमचा संत गेला असेल, माझा भाऊ गेलाय. सावजी गेले तेव्हाचं, रखमावहिनी गेली तेव्हाचं, भामनाथाच्या वाटेवरचं, सगळं साठलेलं त्या अभंगांत वाहून आलं असावं, असं मला वाचताना वाटत राहतं.

गंमत म्हणजे वारकरी पंथानं हे अभंग झाकून ठेवले नाहीत. देवाला दमदाटी केली म्हणून गाळले नाहीत. खुद्द तुकोबांच्या गाथेच्या प्रतींमध्ये ते मानानं छापलेले असतात. घरात गाथा असेल तर काढून बघा. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो, त्याला मुद्रा म्हणतात. कान्होबांच्या अभंगांत त्यांचं स्वतःचं नाव सहसा सापडत नाही. तिथे शब्द येतो तो तुकयाबंधु. तुकयाचा भाऊ.